ताण आला की मनगटावरचे बीपी का चुकते?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

दंडाला पट्टा न बांधता रक्तदाब दाखवणाऱ्या घड्याळांबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. सारख्या शंका असलेली पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी 46 वर्षांची असून फोंड्याला एका पतसंस्थेत काम करते. माझ्या घड्याळाला ईसीजीची सोय आहे. बटणावर दुसऱ्या हाताचे बोट ठेवले की ते बीपी सांगते. सकाळी घरी वरचा आकडा 128 च्या आसपास असतो. परवा ऑडिटच्या बैठकीआधी तो 156 आला. घाबरून शेजारच्या दवाखान्यात पट्ट्याच्या मशीनवर मोजले, तर 138. खरे कुठले मानायचे?

138 खरे माना. घड्याळ बिघडलेले नाही, पण त्याने जे मोजले तो दाब नव्हता. त्याने वेळ मोजली आणि त्यावरून दाबाचा अंदाज बांधला.

हृदयाला आकुंचनाचा विद्युत संदेश मिळतो तेव्हा ईसीजीवर उंच टोक उमटते. त्यानंतर रक्ताची लहर मनगटात येते आणि घड्याळाच्या पाठीमागच्या प्रकाशकिरणांना ती कळते. या दोन क्षणांमधले अंतर साधारण 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दाब वाढला की धमन्यांच्या भिंती ताणल्या जाऊन कडक होतात आणि कडक नळीतून लहर वेगाने जाते. म्हणून वेळ कमी भरली की दाब जास्त, असा हिशेब. भिंतीचा कडकपणा आणि लहरीचा वेग यांचे गणित मोएन्स आणि कॉर्टेवेग यांनी 1878 मध्येच मांडले होते, तेव्हा या कल्पनेचा पाया भक्कम आहे.

अडचण आहे ती त्या 200 मिलिसेकंदांच्या सुरुवातीला. विद्युत संदेश मिळाल्याबरोबर रक्त बाहेर पडत नाही. आधी डाव्या निलयाचा, म्हणजे शरीराकडे रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा, स्नायू आवळायला लागतो, मग आतला दाब महाधमनीतल्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतल्या) दाबापर्यंत चढतो आणि मगच झडप उघडते. या तयारीला स्वस्थ बसलेल्या माणसात सुमारे 80 ते 110 मिलिसेकंद लागतात. डॉक्टर याला पीईपी म्हणतात, आपण ‘तयारीचा काळ’ म्हणू. म्हणजे घड्याळ मोजते त्यातला निम्म्याच्या जवळपासचा वेळ लहर धमनीत शिरण्याआधीच संपलेला असतो. त्या वेळेत धमनीच्या भिंतीबद्दल काहीच कळत नाही.

मानसिक ताणाचा पहिला घाव नेमका इथे बसतो. बैठकीच्या धास्तीने अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, जागी होते, अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची रसायने हृदयाच्या बीटा ग्राहकांवर (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर) काम करतात, स्नायू जोरात आणि झटक्यात आवळतो, झडप लवकर उघडते. तयारीचा काळ 15-20 मिलिसेकंदांनी सहज घटू शकतो.

आता तुमच्या आकड्यांचा ढोबळ हिशेब मांडू. हृदयापासून मनगटापर्यंतची वाट सुमारे 70 सेंटिमीटर. सेकंदाला 6 मीटर वेगाने लहरीला ती कापायला सुमारे 117 मिलिसेकंद लागतात. या पल्ल्यात दाब 1 एककाने, म्हणजे पाऱ्याच्या 1 मिलिमीटरने वाढला तर प्रवासाचा वेळ जेमतेम 1 मिलिसेकंदाने कमी होतो. तुमचा दाब 128 वरून 138 वर गेला तेव्हा धमनीतला प्रवास सुमारे 10 मिलिसेकंदांनी घटला. त्याच वेळी तयारीचा काळ समजा 18 मिलिसेकंदांनी आखडला. घड्याळाला एकूण 28 कमी दिसले. त्यातले हृदयाचे किती आणि धमनीचे किती हे त्याला वेगळे करता येत नाही, म्हणून सगळे धमनीच्या खात्यावर टाकून त्याने 128 मध्ये 28 मिळवले आणि 156 दाखवले. प्रत्येक कंपनीचे सूत्र वेगळे असते, त्यामुळे हेच आकडे प्रत्येक घड्याळात येणार नाहीत. पण चूक कुठून येते ते यावरून कळावे.

यात आणखी एक मेख आहे. अशा घड्याळांना अधूनमधून पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावे लागते, काहींना दर 28 दिवसांनी. ही जुळवणी आपण शांत बसून करतो. त्यामुळे शांत असतानाची वेळ आणि तेव्हाचा दाब यांचेच नाते घड्याळ शिकते. ताण आल्यावर ते नाते बदलते, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते.

ईसीजी नसलेली, नुसत्या हिरव्या दिव्यावर चालणारी घड्याळे तर ही वेळसुद्धा मोजत नाहीत. ती नाडीलहरीच्या आकारावरून अंदाज करतात आणि त्यात वय, वजन, उंची मिसळतात. तुमच्या ओळखीत कोणाकडे असे घड्याळ असेल तर एक साधी परीक्षा घ्या. एका जागी बसून तीनदा मोजा. मग घड्याळातले वय 30 वरून 70 करा आणि पुन्हा तीनदा मोजा. आकडा ठळकपणे वर गेला, तर त्यातला मोठा भाग मनगटातून आलेला नसून तुम्ही भरलेल्या माहितीतून आलेला आहे.

मात्र ऑडिटच्या दिवशी 138 का झाले याकडे दुर्लक्ष करू नका. शेवटच्या उत्तरात दिल्याप्रमाणे सात दिवस घरी मोजा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी कुटबणच्या जेटीवर मासळी बर्फात भरायच्या कामावर देखरेख करतो. कामाच्या मध्ये घड्याळ 122 दाखवते आणि तिथल्या आरोग्य शिबिरात पट्ट्याने 144 आले. फोंड्याच्या बाईंचे उलटे, माझे सुलटे असे कसे?

हात बर्फात असतात म्हणून. थंडीचा ताण आणि मनाचा ताण यांत दाब दोन्हीकडे वाढतो, पण वाटा वेगळ्या. थंडीने प्रामुख्याने रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा ग्राहकांमार्फत लहान रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्ताला अडथळा वाढून दाब चढतो. हृदयाचा जोर फारसा वाढत नाही. उलट महाधमनीतला खालचा दाब वाढल्याने झडप उघडायला निलयाला अधिक चढावे लागते, त्यामुळे तयारीचा काळ तसाच राहतो किंवा किंचित लांबतो. धमनीत वाचलेला वेळ इकडे खर्च होतो आणि घड्याळाला वाटते, काहीच घडले नाही. शिवाय गारठलेल्या कातडीत रक्त कमी येते, त्यामुळे प्रकाशाला दिसणारी लहर बारीक होते आणि तिची सुरुवात ओळखण्यात चूक होते.

काम संपल्यावर हात कोरडे करून ऊब येऊ द्या, पाच मिनिटे टेकून बसा आणि दंडाच्या पट्ट्याने मोजा. तेव्हाही 140 च्या पुढे राहिले तर घड्याळाच्या 122 वर विसंबून राहू नका. जेवणातले खारे आणि लोणचे किती, हेही डॉक्टरांना आपण होऊन सांगा. मिठाचा भाग विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

प्रश्न : आम्ही फर्मागुडीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहोत. प्रकल्पासाठी एडी8232 हे ईसीजीचे आणि मॅक्स30102 हे नाडीचे मॉड्यूल घेतले. दोन वेगळ्या बोर्डांवर चालवून ब्लूटूथने लॅपटॉपवर आणतो. स्वस्थ बसलेल्या माणसाची ईसीजीच्या टोकापासून नाडीच्या लहरीपर्यंतची वेळसुद्धा दहा मिनिटांत 30-40 मिलिसेकंद सरकते. ताणाचा परिणाम दाखवायचा तर कुठून सुरुवात करावी?

सर्वांत आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. इलेक्ट्रोड अंगाला लावलेले असताना विजेच्या जोडणीतले कुठलेही यंत्र त्या साखळीत नको, सगळे बॅटरीवर चालवा. मित्रांवर प्रयोग करण्याआधी महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगीही घ्या.

तुमचे सरकणे शरीरातले नाही. दोन बोर्डांवर दोन घड्याळे आहेत. त्यांच्या दोन स्फटिकांत 50 पीपीएमचा (दहा लाखांत 50 भागांचा) फरक असला की मिनिटाला 3 मिलिसेकंद आणि दहा मिनिटांत 30 मिलिसेकंद साचतात. त्यावर ब्लूटूथचा दर वेळी वेगळा होणारा उशीर. दोन्ही मॉड्यूल एकाच मायक्रोकंट्रोलरला जोडा, वेळेचा शिक्का तिथेच मारा आणि मगच माहिती बाहेर पाठवा. लॅपटॉपवर पोहोचल्याची वेळ कशातही धरू नका.

चूक शिरण्याची दुसरी जागा मॅक्स30102 च्या पोटात आहे. त्यात 32 नमुने साठवणारी रांग असते. 100 हर्ट्झवर ती भरेपर्यंत 320 मिलिसेकंद जातात. तुम्ही रांग वाचली त्या क्षणाचा शिक्का सगळ्या नमुन्यांना मारलात, तर मोजायच्या वेळेपेक्षा चूक मोठी होईल. सेकंदाला 400 नमुने ठेवा, सरासरी काढण्याची सोय बंद करा, 880 नॅनोमीटरचा अवरक्त दिवा वापरा आणि इंटरप्ट (सेन्सरचा इशारा) आला त्या क्षणापासून मागे मोजत प्रत्येक नमुन्याची वेळ ठरवा. तरी दोन नमुन्यांत 2.5 मिलिसेकंद उरतातच, म्हणून लहरीचा पाया शोधताना मधल्या बिंदूंचे गणित करा. ईसीजी 1000 हर्ट्झवर घ्या.

गाळणी, म्हणजे संकेतातली नको ती खरखर काढणारा फिल्टर, हे तिसरे ठिकाण. प्रत्येक गाळणी लहर थोडी उशिरा सोडते आणि दोन संकेतांच्या गाळण्या वेगळ्या असल्या की हा उशीर थेट निकालात मिसळतो. नोंद साठवून नंतर तपासणार असाल तर ईसीजीचे टोक शोधायला 5 ते 25 हर्ट्झ, नाडीला 0.5 ते 8 हर्ट्झ, आणि दोन्ही एकदा पुढून व एकदा मागून चालवा म्हणजे उशीर फिटतो. एडी8232 च्या मॉड्यूलवरच्या गाळणीचाही काही मिलिसेकंदांचा उशीर असतो. तो स्थिर असतो, त्यामुळे बदल पाहताना अडचण येत नाही. तुलना करतेवेळी मात्र तो लिहून ठेवा.

ईसीजीच्या टोकानंतर 150 ते 400 मिलिसेकंदांच्या खिडकीत बोटावरच्या लहरीचा पाया शोधा. तिचे शिखर धरू नका. ताणाने बोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या की शिखराचा आकार बदलतो आणि ते मागेपुढे होते. सर्वांत तीव्र चढाच्या बिंदूतून स्पर्शरेषा काढा, आधीच्या तळातून आडवी रेषा काढा. दोन्ही छेदतात तो पाया. बोट सेन्सरवर दाबून धरू नका. दाब पडला की लहर दबते आणि पाया उशिरा दिसतो. सैल वेल्क्रो पुरे. हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवा, कारण हात 10 सेंटिमीटर खाली गेला की तिथला दाब सुमारे 7.7 एककांनी वाढतो.

आता खरा प्रयोग. पाच मिनिटे विश्रांती. मग तीन मिनिटे 1013 मधून सतत 7 वजा करणे, पण उत्तरे मोठ्याने बोलायची नाहीत, बटणावर द्यायची. बोलल्याने श्वास आणि दाब दोन्ही बदलतात आणि परिणाम कशाचा ते कळेनासे होते. मग पाच मिनिटे शांत. त्यानंतर एक पाऊल सुमारे 4 अंशांच्या बर्फाच्या पाण्यात, जास्तीत जास्त दोन मिनिटे. सोसवेना असे म्हटले की लगेच बाहेर. हृदयविकार असलेल्यांना किंवा थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्यांना या भागात घेऊ नका. बीपीचा पट्टा दुसऱ्या दंडाला बांधा, नाहीतर तो फुगला की बोटातली नाडीच थांबेल.

एवढ्यावर तुम्हाला एकूण वेळेतला बदल मिळेल. तयारीचा काळ वेगळा काढण्यासाठी छातीच्या मधल्या हाडावर कमी गोंगाटाचा प्रवेगमापक (हालचाल टिपणारा सेन्सर), उदाहरणार्थ एडीएक्सएल355, दुहेरी टेपने घट्ट चिकटवा. महाधमनी झडप उघडते तेव्हा छाती सूक्ष्म हलते आणि ते टोक ईसीजीनंतर सुमारे 100 मिलिसेकंदांच्या आसपास सापडते. या वेळी माणूस हलता कामा नये. हृदयाचा पहिला ठोका माइकवर ऐकून हे काम होईल असे विद्यार्थ्यांना हमखास वाटते. तो आवाज मुख्यतः आलिंद (हृदयाचे वरचे कप्पे) आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटण्याच्या वेळचा. महाधमनी झडप त्यानंतर उघडते. तेवढ्यावर पीईपी मोजला असे लिहू नका.

प्रत्येक टप्प्यात 30 ठोक्यांचा मध्यक घ्या. ठोक्यांमधले अंतर आधीच्यापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त बदलले तर तो ठोका सोडा. वजाबाकीत तयारीचा आणि धमनीतल्या प्रवासाचा असे दोन्ही काळ आखडलेले आणि बर्फात दाब चढूनही तयारीचा काळ जवळपास जागेवर, असे चित्र तुमच्या आलेखात दिसले तर प्रकल्पाचा मुख्य मुद्दा सिद्ध झाला.

निकाल मांडताना प्रामाणिक राहा. पट्ट्याच्या यंत्रांसाठी आयएसओ 81060-2 या मानकात सरासरी चूक 5 आणि तिचे प्रमाण विचलन (चुकांचा पसारा) 8 एककांच्या आत लागते. जुळवणी करून लगेच स्वस्थ माणसावर तपासले तर ही अट पार करणे सोपे आहे, कारण दाब हललेलाच नसतो. म्हणून तुमच्या सूत्राची गाठ एका अत्यंत आळशी स्पर्धकाशी घाला: ‘जुळवणीच्या वेळी होता तोच दाब आताही आहे’ असे दर वेळी म्हणणारा. ताणाच्या टप्प्यात तुमची चूक त्याच्यापेक्षा कमी निघाली नाही, तर सूत्राला दाबाचे काहीही कळत नाही, मग आलेख कितीही सुंदर दिसो. युरोपीय रक्तदाब संघटनेने 2023 मध्ये पट्टाविरहित यंत्रांसाठी सुचवलेल्या परीक्षांत हाताची उंची बदलणे, व्यायाम, झोप, औषधोपचार आणि पुढची जुळवणी यांची वेगवेगळी तपासणी आहे, ती याच कारणाने.

प्रश्न : वडील 71 वर्षांचे, म्हापशाला असतात. नाडी अनियमित आहे, ठोके चुकतात, त्याला डॉक्टर ‘एएफ’ म्हणतात. मेटोप्रोलॉल चालू केले आहे. घड्याळ भेट द्यावे का? त्यातला ‘स्ट्रेस’चा आकडा तरी उपयोगी पडेल ना?

बीपीसाठी देऊ नका. एएफमध्ये दोन ठोक्यांमधले अंतर सतत बदलते, त्यामुळे निलय दर वेळी कमीजास्त भरते. कमी भरले की तयारीचा काळ लांबतो, जास्त भरले की आखडतो. घड्याळाला ही चढउतार दाबाची वाटेल.

मेटोप्रोलॉल बीटा ग्राहकांनाच अडवते, म्हणून तयारीचा काळ लांबतो. औषध सुरू होण्याआधी जुळवलेले घड्याळ त्यामुळे दाब प्रत्यक्षात उतरला त्याहून जास्त उतरल्याचे दाखवू शकते. तो आकडा पाहून वडिलांनी गोळी परस्पर अर्धी केली तर ते धोक्याचे आहे. दंडाच्या पट्ट्याचे मशीन आणा आणि एएफ असल्यामुळे दर वेळी तीन मोजण्या घेऊन सरासरी लिहा.

‘स्ट्रेस’चा आकडा बहुतेक घड्याळे ठोक्यांमधल्या अंतराच्या बारीक चढउतारावरून काढतात. निरोगी हृदय श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना किंचित संथ चालते, ताणात हा लवचीकपणा कमी होतो. वडिलांच्या ठोक्यांची अनियमितता मुळात वेगळ्याच कारणाची आहे, तेव्हा त्यांच्यासाठी हा आकडा निरर्थक ठरतो. इतरांनीही तो बीपीचा पर्याय समजू नये. नाडीचा वेग दोन मज्जासंस्था मिळून ठरवतात, पण हृदयाच्या आकुंचनाचा जोर मुख्यतः अनुकंपी संस्था वाढवते. नाडी 90 आहे यावरून तयारीचा काळ किती, हे सांगता येत नाही.

प्रश्न : डिचोलीहून लिहीत आहे. मशीन पाहिले की छाती धडधडते, म्हणून पहिला आकडा नेहमी जास्त येतो. मग मी समाधान होईपर्यंत सात-आठ वेळा मोजते. बरोबर पद्धत कोणती?

सात-आठ वेळा मोजणे आजपासून बंद करा. आकडा जास्त आला की धास्ती, धास्तीने पुढचा जास्त. आणि शेवटी सर्वांत कमी आलेला आकडा वहीत जातो, तोही खरा नसतो.

आधी दंडाच्या मध्यावर शिंप्याच्या टेपने घेर मोजा. पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसला पाहिजे. पुष्कळ मशीनबरोबर येणारा पट्टा 22 ते 32 सेंटिमीटरचा असतो. घेर 34 असताना तो बांधला तर आकडा विनाकारण वाढतो. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्यावर जास्त येईल तोच पुढे कायम वापरा.

सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या. चहा, नाश्ता आणि बीपीची गोळी यांच्याआधी मोजायचे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नाही. उघड्या दंडावर कोपराच्या वर दोन बोटे सोडून पट्टा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. बाही वर सरकवून दंड आवळला जात असेल तर हात बाहीतून काढा. पाच मिनिटे गप्प बसा. बातम्या, फोन, घरातल्यांशी बोलणे यांतले काहीही नको. बोलण्यानेच आकडा चढतो. मग एक मोजणी, एक मिनिट थांबून दुसरी. दोन्ही जशा आल्या तशा लिहा आणि मशीन कपाटात ठेवा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसेच. बाजारातून किंवा बसमधून उतरून आल्या आल्या मोजू नका, अर्धा तास जाऊ द्या.

हे सात दिवस करा. पहिला दिवस वगळा, कारण तुमची धडधड त्याच दिवशी सर्वांत जास्त असणार, आणि उरलेल्या सहा दिवसांच्या 24 मोजण्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सरासरी कमी असून फक्त दवाखान्यात जास्त येत असेल तरी वही दाखवाच; डॉक्टर गरज पडल्यास 24 तासांचे मशीन लावतील.

एखादी मोजणी 180/120 च्या वर आली आणि त्रास काही नसेल तर पाच मिनिटे बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढीच आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे, एका बाजूचा अशक्तपणा किंवा अचानक दिसेनासे होणे यांतले काहीही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, 108 ला फोन करा.